भंगलेला कणा आणि नवसाचे चित्र

मेक्सिकोत जिवावरच्या दुखण्यातून किंवा अपघातातून वाचलेला माणूस त्या प्रसंगाचे चित्र पत्र्याच्या लहानशा तुकड्यावर काढवून घेई आणि ते चर्चमध्ये वाही. वर ढगांत संत, मध्ये ओढवलेले संकट आणि खाली आभाराचा मजकूर अशी मांडणी असलेली ही नवसफेडीची चित्रे, म्हणजेच ‘एक्स-व्होटो’, एकोणिसाव्या शतकात कथिलाचा मुलामा दिलेला स्वस्त पत्रा मिळू लागल्यावर गोरगरिबांच्याही आवाक्यात आली. त्याच शतकाच्या अखेरीस होसे ग्वादालूपे पोसादा (१८५२–१९१३) या मुद्राचित्रकाराने रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या पत्रकांवर नटलेथटलेले सांगाडे छापले, त्यामुळे हाडे हा तेथील सामान्य माणसाच्या परिचयाचा चित्रविषय झाला. मेक्सिकन चित्रकर्ती फ्रीडा काहलो (१९०७–१९५४) हिची चित्रे केवळ तिच्या वेदनेची रोजनिशी म्हणून वाचली जातात, तेव्हा ही पार्श्वभूमी नजरेआड होते आणि तिच्यावर अन्याय होतो.

१७ सप्टेंबर १९२५ रोजी ती बसलेल्या बसला ट्रामने धडक दिली. पाठीचा कणा, बरगड्या, कटिबंधाचे हाड आणि बालपणीच्या पोलिओने आधीच बारीक झालेला उजवा पाय मोडल्यामुळे डॉक्टर होऊ पाहणारी ही अठरा वर्षांची मुलगी अंथरुणाला खिळली, आणि आईने चित्रफलकासाठी करवून घेतलेल्या खास घोडीच्या मदतीने पडल्यापडल्या चित्रे रंगवू लागली. पुढे १९४३च्या सुमारास अशाच अपघाताचे एक जुने नवसाचे चित्र तिच्या हाती आले, तेव्हा तिने त्यातील मुलीला स्वतःच्या जुळलेल्या भुवया दिल्या आणि आईवडिलांच्या नावाने दुःखी मातेचे, म्हणजे मेरीचे, आभार लिहिले.

१९४४च्या ‘भंगलेला स्तंभ’ या चित्रात मात्र संत नाही आणि आभारही नाहीत. उभ्या चिरलेल्या धडात कण्याच्या जागी ठिकठिकाणी तडकलेला ग्रीक धाटणीचा खांब आहे, अंगभर खिळे ठोकलेले आहेत, शरीर सावरून धरणारा पट्ट्यांचा कॉर्सेट आहे आणि मागे भेगाळलेले माळरान पसरले आहे. डोळ्यांत अश्रू असूनही नजर पाहणाऱ्यावर रोखलेली आहे. शरीरशास्त्राची आवड असलेल्या या चित्रकर्तीने मणके हुबेहूब काढण्याऐवजी खांब निवडला, कारण तिला हाडाचा आकार नव्हे, तर भार पेलण्याचे त्याचे काम आणि त्या कामातले त्याचे अपयश दाखवायचे होते. नवसाच्या चित्राचा छोटा आकार आणि स्पष्टपणा तिने राखला, परंतु सुटकेची ग्वाही देण्याचे नाकारले. हेच या चित्राचे खरे धाडस होय.