घरची उपासना आणि आभाराचा धनी

महाराष्ट्र आणि गोव्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा चर्चच्या इमारती, बाप्तिस्म्यांच्या नोंदी, मिशनऱ्यांचे अहवाल आणि शाळा-दवाखान्यांची स्थापना या आधारे लिहिला गेला आहे. दिवेलागणीला घरात होणारी प्रार्थना, जेवणापूर्वी उच्चारले जाणारे दोन शब्द, नव्या पिकाच्या पहिल्या घासाआधीचा क्षण यांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसल्यामुळे हा भाग इतिहासकारांच्या नजरेतून निसटला. वस्तुतः या समाजाच्या इतिहासात पाद्री निघून गेल्याचे, चर्च बंद पडल्याचे, छापखाने थांबल्याचे प्रसंग एकापेक्षा अधिक वेळा आले आणि त्या प्रत्येक वेळी धर्म टिकला तो प्रामुख्याने घरात. घरच्या या उपासनेचा गाभा कृपेची जाणीव हा होता. कृपा म्हणजे आपल्या लायकीपेक्षा अधिक आणि न मागता मिळालेले देणे, आणि त्याला दिलेली प्रतिक्रिया म्हणजे उपकारस्तुती, असा या परंपरेचा साधा हिशेब आहे. मात्र हे आभार नेमके कोणाचे मानायचे आणि ते मानताना पंगतीला कोणी बसायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली. घरगुती उपासनेचा खरा इतिहास त्या बदलात आहे.

या परंपरेतील सर्वांत जुना मोठा ग्रंथ म्हणजे इंग्लंडमधून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’. ते १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले आणि त्यानंतर १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, पण पुराण ऐकण्याची सवय सुटलेली नव्हती, हे ओळखून स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा ओवीबद्ध केली. रविवारी आणि सणाच्या दिवशी, धर्मशिक्षण झाल्यावर ते वाचले जाई. पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला, मराठी-कोकणी भक्तिवाङ्मयाची छपाई आधीच मंदावली होती, आणि ‘क्रिस्तपुराण’ हस्तलिखित नकलांच्या रूपाने हातोहात फिरू लागले. १९०७ साली जे. एल. साल्ढाणा यांनी मंगळूर येथे ते पुन्हा छापले. दोन आवृत्त्यांमधील अडीचशे वर्षे हा ग्रंथ जिवंत ठेवला तो ज्यांनी नकला केल्या आणि ज्यांनी ओव्या ऐकून पाठ केल्या त्यांनी. ज्या राज्यकर्त्यांच्या धर्माचा हा ग्रंथ होता, त्यांच्याच भाषाधोरणाच्या तडाख्यातून तो प्रजेच्या घरांनी वाचवला, ही गोष्ट सरकारी धर्मप्रसाराच्या कौतुकात किंवा निंदेत सहसा सांगितली जात नाही.

गोव्यातील कॅथलिक घरात संध्याकाळच्या प्रार्थनेचे स्वरूप ठरलेले होते आणि अनेक घरांत आजही आहे. भिंतीतील कोनाड्यात किंवा लाकडी मखरात क्रूस आणि संतांच्या मूर्ती ठेवलेल्या असतात आणि त्याला ‘ओरातोर’ म्हणतात. त्यापुढे तेर्स, म्हणजे मरियेच्या जपमाळेची प्रार्थना, सर्वांनी मिळून म्हणायची असते. तेर्स संपल्यावर लहानांनी घरातील थोरांपुढे एकेक करून जायचे आणि ‘बेसांव’ मागायचा, म्हणजे आशीर्वाद घ्यायचा, हा या विधीचा अत्यंत महत्त्वाचा भाग आहे. दिवसभर आजोबांशी रुसलेल्या नातवालाही रात्री त्यांच्यापुढे हात जोडून उभे राहावे लागे आणि आजोबांनाही आशीर्वाद नाकारता येत नसे. भांडण दुसऱ्या दिवसावर न जाऊ देण्याची ही सोय कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक परिणामकारक होती. वर्षातून एखादे वेळी घरात किंवा वाड्यावरच्या क्रूसापुढे ‘लदीन’, म्हणजे संतांच्या नावांची आळवणी, होई आणि शेवटी जमलेल्यांना उकडलेले चणे आणि पेय वाटले जाई. आजारातून उठलेल्या माणसाने किंवा परगावी नोकरी लागलेल्या मुलाच्या घराने नवस फेडण्यासाठी लदीन करायची, या प्रथेत आभार हे शेजाऱ्यांच्या साक्षीने मानायचे असतात असा संकेत दिसतो.

वसईचा इतिहास याहून वेगळ्या वळणाने गेला. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे आलेला हा प्रदेश १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकला, त्यानंतर युरोपीय धर्मगुरूंपैकी बहुतेक निघून गेले आणि थोड्या स्थानिक धर्मगुरूंवर विस्तीर्ण मुलखाची जबाबदारी पडली. धर्मगुरू क्वचितच दिसत असताना जपमाळ, मृतांसाठीची प्रार्थना आणि सणाचे उपवास घराघरांत चालू राहिले असले पाहिजेत, अन्यथा दोन-तीन पिढ्यांत हा समाज विरून गेला असता. चर्चमधील मिस्सा, म्हणजे ख्रिस्तयाग, लॅटिनमध्ये होता आणि तो १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत तसाच राहिला. त्यामुळे सामवेदी किंवा वाडवळ बोलीतील माणसाला जी प्रार्थना खरोखर कळत होती ती घरची होती. मुंबई, ठाणे आणि वसई परिसरातील ज्या कॅथलिकांनी १८८७ च्या सुमारास ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, त्यांच्यात ‘आगेरा’ नावाचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो. भाताची नवी लोंबे शेतातून वाजतगाजत चर्चमध्ये आणली जातात आणि आशीर्वादित झालेली लोंबे लोक घरी नेतात.

मंगळूरकडील कोकणी कॅथलिकांमध्ये हाच सण ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, ‘मोंती फेस्त’ म्हणून येतो आणि तेथे त्याचे घरगुती रूप अधिक ठसठशीत आहे. चर्चमधून आणलेल्या लोंबीचे दाणे घरातील कर्ता माणूस सोलतो, ते दुधात किंवा खिरीत वाटून मिसळले जातात, प्रार्थना होते आणि प्रत्येकाला त्यातील चमचाभर मिळाल्याशिवाय जेवण सुरू होत नाही. त्या दिवशी जेवण शाकाहारी आणि भाज्यांची संख्या विषम असते. जे घरी येऊ शकत नाहीत त्यांना आशीर्वादित दाणे टपालाने पाठवण्याची पद्धत आहे, त्यामुळे मुंबईत किंवा आखातात राहणारा मुलगाही त्या ताटातला भागीदार ठरतो. मंगळूरच्या याच समाजाला १७८४ पासून टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणात बंदिवास भोगावा लागला आणि १७९९ पर्यंत परतता आले नाही. त्या काळात ‘क्रिस्तपुराणा’च्या ओव्यांनी धीर दिला, अशी परंपरा सांगितली जाते. कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे मराठी भाषक यहुदी, यांच्यात एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळांची ‘मलिदा’ ताटे घरी सजवून आभार मानण्याची रीत आहे हे येथे सहज आठवते. कोकणच्या किनाऱ्यावर परमेश्वराचे आभार पोहे-तांदळाशिवाय पुरे होत नाहीत, असे म्हणायला हरकत नाही.

प्रॉटेस्टंट पंथाची गोष्ट जवळजवळ दोन शतकांनी मागाहून सुरू होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि त्यांच्या मराठी मिशनचे अहमदनगर ठाणे १८३१ च्या अखेरीस स्थापन झाले. हे लोक न्यू इंग्लंडमधील प्युरिटन परंपरेतले होते. त्या परंपरेत घर हे लहानसे चर्च मानले जाई, आणि सकाळ-संध्याकाळ घरच्या कर्त्याने बायबलचा उतारा वाचून सर्वांसह, नोकरचाकरांसह, प्रार्थना करणे हा चारित्र्याचा पुरावा समजला जाई. मुंबई-पुण्यात काम करणाऱ्या स्कॉटिश मिशनऱ्यांकडेही तोच वारसा होता. स्कॉटलंडच्या चर्चने १६४७ सालीच कौटुंबिक उपासनेसाठी नियमावली संमत केली होती आणि कुटुंबात प्रार्थना न करणाऱ्या घरमालकाला समज द्यावी असे त्या नियमावलीत सांगितले होते. मिशनच्या छापखान्यांतून निघालेली मराठी पुस्तके, १८४२ साली नगरहून सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ आणि १८७२ पासूनचे मुलांचे मासिक ‘बालबोधमेवा’ यांनी आदर्श ख्रिस्ती कुटुंबाचे जे चित्र रंगवले, त्यात घड्याळ, स्वच्छता आणि व्यवस्थितपणा यांना फार महत्त्व होते. त्या आदर्शात व्हिक्टोरियन मध्यमवर्गाची शिस्त आणि शुभवर्तमान यांची सरमिसळ झाली होती, आणि कित्येक मिशनऱ्यांना ती वेगळी करता आली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

तरीही जेवणापूर्वीची प्रार्थना नगर जिल्ह्यातील खेड्यांत पोहोचली तेव्हा तिला असा अर्थ मिळाला जो न्यू इंग्लंडमध्ये तिला कधीच नव्हता. उच्चवर्णीय मराठी घरात ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालण्याची आणि श्लोक म्हणून मग जेवण्याची चाल होतीच, म्हणजे अन्नाआधी देवाचे स्मरण ही नवी गोष्ट नव्हती. परंतु नगरच्या मिशनकडे मोठ्या संख्येने आलेली कुटुंबे महार आणि मांग समाजातील होती. बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावकीचे काम करणाऱ्या येसकराला मोबदला म्हणून दारोदार फिरून भाकरी गोळा करावी लागे. हा त्याचा हक्क म्हणून मानला गेला तरी मिळणारे अन्न बहुधा शिळे असे आणि ते दुरून, वरून टाकलेले असे. मेलेल्या जनावराचे मांस हाही त्याच वाट्याचा भाग होता आणि धर्मांतरितांनी तो सोडावा असा मिशनचा आग्रह असे. अशा घरात भाकरीपुढे डोळे मिटून ती देवाने दिली असे मोठ्याने म्हणणे, याचा अर्थ ती पाटलाने दिलेली नाही असाही होत होता. उपकाराचा धनी बदलला की उपकाराखाली वाकण्याची दिशाही बदलते. मिशनच्या अहवालांत या प्रार्थनेचा उल्लेख धार्मिक प्रगती म्हणून येतो, पण तिचे सामाजिक वजन लिहिणाऱ्यांच्या पुरते लक्षात आले नसावे.

दुसरा बदल पंगतीचा होता. बायकांनी पुरुषांच्या मागून जेवायचे, हा नियम सर्वच जातींत कमीअधिक पाळला जाई, आणि सर्वांनी एकत्र बसून प्रार्थना केल्याखेरीज जेवायला सुरुवात करायची नाही असे ठरले की नियम आपोआप ढिला पडतो, निदान एका वेळेपुरता. हा बदल सर्वत्र झाला असे नव्हे. स्वयंपाक वाढायला कोणीतरी उभे राहावेच लागे आणि ते कोण हे वेगळे सांगायला नको.

कोणाच्या हातचे खायचे, हा प्रश्न उच्चवर्णीय धर्मांतरितांना अधिक जाचक होता, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट चित्रण लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर पती-पत्नींची काही वर्षे ताटातूट झाली, आणि लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या तरी सुरुवातीला सोवळे आणि वेगळे पाणी पाळत राहिल्या. पुढे जातिभेद माणसाने केला आहे हे मनाला पटल्यावर त्यांनी ते सोडले आणि १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या बाबतीत पंगतीचा निर्णय आधी झाला आणि बाप्तिस्मा नंतर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षांत टिळकांच्या घरात विद्यार्थी, अनाथ मुले आणि पाहुणे यांची सतत वर्दळ असे आणि उद्या शिधा पुरेल की नाही ही चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. त्या हे सारे ज्या मिश्किलपणे सांगतात त्यावरून कृपेवर भरवसा ठेवणे पतीला सोपे जात होते आणि त्या भरवशाचा हिशेब पत्नीला घालावा लागत होता, असे वाचकाला दिसते.

टिळकांचे घरगुती उपासनेला दिलेले योगदान मुख्यतः गीतांचे आहे. त्यांच्या आधी हेन्री बॅलंटाइन यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी मराठीत पुष्कळ गीते रचली होती, पण त्यांपैकी बरीचशी पाश्चात्त्य चालींवर बसवलेली असल्यामुळे त्यांना पेटी आणि पाद्री दोन्ही लागत. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि टिळकांनी अभंग, ओवी आणि पदे यांत प्रार्थना आणल्या. यामुळे टाळ असला तरी पुरे आणि नसला तरी चालेल अशी सोय झाली. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची शेकडो गीते आहेत, आणि ज्या घरात बायबलखेरीज दुसरे पुस्तक नसे तेथेही हा संग्रह असे. निरक्षर आजीलाही संध्याकाळच्या प्रार्थनेत पुढाकार घेता येऊ लागला, कारण अभंग पाठ असण्याला अक्षरओळख लागत नाही.

आभाराचा धनी पाटलाऐवजी देव झाला खरा, पण मध्येच मिशनही त्या जागी येऊन बसले होते. शाळा, नोकरी, कंपाउंडमधील घर, दुष्काळातील धान्य हे सर्व मिशनकडून येत असल्यामुळे देवाचे आभार आणि साहेबाचे आभार यांत फरक करणे पहिल्या पिढ्यांना अवघड गेले, आणि कृतज्ञता हीच मिंधेपणाची सवय बनण्याचा धोका निर्माण झाला. टिळकांना हे फार बोचत असे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही त्यात प्रवेश ठेवला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्यामुळे तो प्रयोग फार पुढे गेला नाही.

त्यांचा मुद्दा मात्र घरांनी आपल्या पद्धतीने सोडवला. मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबांत नवे घर, बाळंतपण, परीक्षेतील यश, आजारातून सुटका अशा निमित्ताने घरी उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवण्याची चाल रुजली. शेजारीपाजारी जमतात, गीते होतात, कोणी वडीलधारा बायबलमधील उतारा वाचतो, घरचा माणूस निमित्त उभा राहून सांगतो, आणि शेवटी पोहे किंवा शिरा आणि चहा दिला जातो. जमणाऱ्यांत हिंदू, बौद्ध आणि मुसलमान शेजारी असतात, आणि सत्यनारायणाला जाणारा माणूस इकडेही त्याच सहजपणे चप्पल काढून आत येतो. चर्चमध्ये हंगामाच्या सणाला आणलेली बाजरी, भोपळे, कोंबडी आणि अंडी यांचा उपासनेनंतर लिलाव पुकारला जातो आणि स्वतःच दिलेला भोपळा दुप्पट भावाने परत विकत घेण्यासाठी चढाओढ लागते. या लिलावाची रक्कम गावातील चर्चच्या खात्यात जमा होते आणि पाळकाचा पगार, छपराची दुरुस्ती, सतरंज्या अशा खर्चांना कामी येते, म्हणजे जे पूर्वी परदेशातून येई ते आता त्याच घरांच्या शेतातून येते.