शत्रू हुडकणारी फिल्म

दुसऱ्या महायुद्धात विमानातून काढलेल्या फोटोंची एक अडचण होती. झाडी हिरवी आणि तिच्यात दडवलेला रणगाडाही हिरवाच. कोडॅकने त्यावर खास रंगीत फिल्म तयार केली. जिवंत पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं आणि या फिल्मवर तो लाल-गुलाबी उमटतो. हिरवा रंग फासलेलं कापड किंवा तोडून सुकलेल्या फांद्या तसा प्रकाश परतवत नाहीत. त्यामुळे लपलेला शत्रू उघडा पडे. व्हिएतनामच्या युद्धातही अमेरिकेने ही फिल्म वापरली. पुढे जंगलं आणि पिकांच्या पाहणीलाही ती लागली.

२००९ मध्ये कोडॅकने ‘एरोक्रोम’ नावाची ही फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं. आयर्लंडचा छायाचित्रकार रिचर्ड मॉस उरलेली फिल्म मिळवून २०१० मध्ये पूर्व काँगोत पोहोचला.

तिथे १९९० च्या दशकापासून युद्ध धुमसत होतं. बंडखोरांच्या टोळ्या फुटत होत्या, एक होत होत्या. रवांडासारख्या शेजाऱ्यांचे हितसंबंध आणि कोल्टनसारखी खनिजं त्यात गुंतलेली होती. इतकी माणसं मेली, तरी जगाचं लक्ष नव्हतं. मॉसच्या फोटोंत तिथल्या किवू प्रांतांच्या टेकड्या भडक गुलाबी झाल्या आणि त्यांत बंदूकधारी पोरं उभी राहिली. ‘इन्फ्रा’ या मालिकेनंतर त्याने याच फिल्मवर ‘द एन्क्लेव्ह’ चित्रित केलं. सहा पडद्यांवरची ही कलाकृती २०१३ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात आयर्लंडच्या दालनात मांडली गेली.

दुःखाला असं देखणं करावं का, हा आक्षेप लगेच आला. तो रास्तच आहे. पण युद्धाचे करडे, रक्ताळलेले फोटो पाहून सरावलेली नजर या गुलाबी रंगापाशी अडखळते, आणि हे नक्की काय चाललं आहे असं विचारते. मॉसचं मोठं काम हेच.

पुढे ‘इनकमिंग’ या कलाकृतीसाठी त्याने लष्करी उष्णता-कॅमेरा घेतला. तीस किलोमीटरवरूनही माणसाच्या अंगाची ऊब टिपणारं हे यंत्र सीमेवरच्या पाळतीसाठी बनलेलं. मॉसने ते युरोपकडे निघालेल्या निर्वासितांवर रोखलं. चेहऱ्यांची ओळख त्यात पुसली जाते, उरतो उष्ण-थंड डागांचा देह. पाळत ठेवणाऱ्याला निर्वासित दिसतो तो असाच. हे काम २०१७ मध्ये लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात प्रदर्शित झालं. त्याच कॅमेऱ्याने टिपलेल्या निर्वासित छावण्यांच्या ‘हीट मॅप्स’ मालिकेला त्या वर्षीचा प्री पिक्टे पुरस्कार मिळाला.