काळ्या कातळाखाली

पिंपळगाव बसवंतच्या शिवारात विहीर खणावयास घेतली की प्रथम काळी माती लागते, मग मुरूम, आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा कातळ. सुरुंगाने तो फोडला असता पुष्कळदा सच्छिद्र, ठिसूळ थर सापडतो. त्याच्या पोकळ्यांत शुभ्र गारगोट्या असतात. क्वचित तांबड्या मातीचा पट्टा आडवा येतो, आणि पुन्हा कातळ! सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त शिलारसाचे पूर एकामागून एक लोटले. दोन पुरांमधील विश्रांतीच्या काळात कुजलेला पृष्ठभाग म्हणजे तो तांबडा पट्टा होय.

कर्नल साइक्स यांनी १८३० च्या दशकात दख्खनच्या या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांचे वर्णन विलायतेतील पंडितांपुढे मांडले. त्या खडकास रूढ झालेले ‘ट्रॅप’ हे नावही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेले आहे.

पुढे १८६५ साली थळघाटाचा लोहमार्ग खुला झाला. निफाडवरून धावणाऱ्या इंजिनांना कोळसा हवा, आणि त्या काळी तो बराचसा जहाजाने विलायतेहून येई. पायाखाली एवढा दगड असताना कोळसा का नसावा? कारण उघड आहे. कोळसा दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा होतो, शिलारसाचा नव्हे. महाराष्ट्रातील कोळसा वर्धा नदीच्या खोऱ्यात, याहून कितीतरी जुन्या खडकांत आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ पासून १९०६ पर्यंत चालली. तेथून पश्चिमेकडे ते जुने थर काळ्या कातळाखाली शिरतात. जणू पेटीवर झाकण ठेवावे! हे झाकण किती जाड आहे? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस छिद्र पाडले, तेव्हा ३३८ मीटरांवर तळ लागला. कोयनेस त्यासाठी सुमारे ९३० मीटर खाली जावे लागले. दोन्ही ठिकाणी खाली निघाला तो कोळसा नव्हे, अतिप्राचीन स्फटिकमय खडक.

पिंपळगावाच्या उत्तरेस सातमाळ्याची रांग दिसते. हिमालयासारखीच तीही भूमीच्या रेट्याने वर आली असावी, असा समज सहज होतो. देवघरातील शाळिग्राम मात्र वेगळी साक्ष देतो. तो गंडकीच्या खोऱ्यातील सागरी प्राण्याचा अवशेष. उत्तरेस सरकणारा भारतखंडाचा भूभाग आशियास भिडला, तेव्हा समुद्रतळाच्या घड्या पडून त्याचे पर्वत झाले. सातमाळ्याचे थर बहुतांशी आडवेच आहेत. येथील भूमी सावकाश उचलली गेली असेल. परंतु डोंगर घडविले ते पाण्याने, मधला भाग कोरून नेऊन. त्याच खडकाची झीज शिवारात काळी माती होऊन पसरली आहे.

द्राक्षबागांच्या विहिरींचे भवितव्यही या थरांवरच ठरते. अभंग कातळ पाणी धरीत नाही; ते भेगांत आणि सच्छिद्र थरांत साठते. म्हणूनच एकाच बांधाच्या अलीकडची विहीर चैत्रात भरलेली असते, आणि पलीकडची, तितकीच खोल खणूनही, कोरडी.