सोने कोणाच्या अंगावर?

दागिना म्हटला की आपल्याकडे चर्चा होते ती घडणावळीची, घाटाची आणि तोळ्यांची. आम्हांस मात्र असे वाटते की, ज्या समाजात राजा आणि रयत, स्पृश्य आणि अस्पृश्य असे भेद होते, तेथे धातूचा दागिना ही सर्वांत आधी एक परवानगी होती. तो कोणी घालावा आणि कोणी घालू नये, यात त्याचा निम्मा अर्थ सामावलेला असे.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तेथे उपस्थित होता. सिंहासनाच्या उजवीकडे मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखे, डावीकडे अश्वपुच्छे आणि उंच भाल्याच्या टोकावर समतोल टांगलेला सोन्याचा तराजू त्याने पाहिला. तराजू हे न्यायाचे चिन्ह, हेही त्याने नोंदवले. तेथील सोने जणू सत्तेची कलमे वाचून दाखवीत होते.

मासा कोल्हापुरी साजातही आहे. पण तेथे तो दशावतारांतला मत्स्य म्हणून येतो. त्याच्या शेजारी कासव, नाग, कारले, भुंगा अशी पाने जवमण्यांच्या मधून ओवलेली असतात. पातळ सोन्याच्या पत्र्यात लाख भरून ही पाने घडवतात. थोड्या सोन्यात भरघोस दिसणारा हा दागिना त्यामुळेच राजवाड्याबाहेरच्या गळ्यांतही पोहोचू शकला.

पुतळ्यांच्या माळेची कथा याहून दूरची आहे. व्हेनिसमध्ये १२८४ पासून पाडले जाणारे साडेतीन ग्रॅमचे सोन्याचे डुकाट व्यापाराच्या वाटेने पश्चिम किनाऱ्यावर आले. त्यांवरील मनुष्याकृतींमुळे आपण त्यांना 'पुतळी' म्हणू लागलो आणि परक्याचे चलन सौभाग्याचे लेणे झाले. अंबाबाईच्या अलंकारांतही पुतळ्यांची माळ आहे.

असाच प्रकार पश्चिम आफ्रिकेतील बेनिनच्या एडो राज्यात घडला. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी आणलेली पितळी कडी वितळवून तेथील ओतारी राजासाठी मुखवटे, पत्रे आणि कंबरेवरची पदके घडवत. परंतु तेथे पितळेवर ओबाची, म्हणजे राजाची, मक्तेदारी होती. सरदाराच्या कंबरेवरचे पितळी पदक राजकृपेची साक्ष देई. १८९७ मध्ये इंग्रजांनी ते राज्य जिंकून हजारो वस्तू लुटून नेल्या. विजेत्यालाही ठाऊक होते की, राजचिन्हे नेल्याखेरीज राज्य पुरते हरत नाही.

आपल्याकडे अशी मक्तेदारी रूढीने सांभाळली. पायात सोने घालणे म्हणजे लक्ष्मीचा अवमान, असे सर्वसामान्य स्त्रीला सांगितले गेले. राजकुळातील स्त्रियांच्या पायांत मात्र सोन्याचे तोडे शोभत. बाकीच्यांच्या वाट्याला चांदी आली. हातकणंगले तालुक्यातील हुपरी आज ज्या चांदीच्या पैंजणांसाठी ओळखली जाते, त्यांच्या मागणीमागे ही रूढीही उभी आहे.

आणि चांदीच्याही खाली एक पायरी होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दलित स्त्रियांसमोर भाषण केले. गळ्यातल्या गळसऱ्या आणि हातांतले कथलाचे व चांदीचे ढीगभर दागिने ही तुमची जात ओळखण्याची खूण आहे, ती टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. घालायचाच तर सोन्याचा दागिना घाला, एरवी घालू नका, असाही त्यांच्या सांगण्याचा आशय होता. अलंकारशास्त्राच्या आपल्या पुस्तकांत या भाषणाला जागा नसते. वस्तुतः मराठीत दागिन्यांविषयी याहून मूलगामी विवेचन आम्हांस तरी दुसरे आढळलेले नाही. ज्या धातूने राजाला राजा ठरवले, त्याच न्यायाने हलक्या धातूने अस्पृश्याला अस्पृश्य ठरवले, हे त्यात उघड झाले.

याआधी सात वर्षे, मार्च १९२० मध्ये, हुपरीच्याच तालुक्यातील माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती आणि तिला राजर्षी शाहू छत्रपती स्वतः उपस्थित होते. राजचिन्हांचा वारसा असलेला राजा तेथे चिन्हे नाकारलेल्यांमध्ये जाऊन बसला, याचे मोल कोणत्याही रत्नशाळेत मोजता येणार नाही.

आज गुजरीत साज कोणीही विकत घेऊ शकते. तेथे आता जात नव्हे, भाव आडवा येतो. परंतु ही मोकळीक सोनारांनी किंवा राजांनी घडवलेली नाही. ज्यांनी अंगावरचे कथील उतरवून ठेवले, त्या स्त्रियांचा तिच्यात मोठा वाटा आहे. साजाच्या एकेका पानाचा अर्थ सांगताना एवढे तरी आपण सांगावयास हवे.