एका 'ॲड'ची गोष्ट: पोर्ट, कमांड आणि पन्नास वर्षं

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पुण्यात नेटवर्किंगचा कोर्स करतोय तो. म्हणाला, "दादा, इंटरफेसच्या कमांड पाठ करून वैताग आलाय. 'नो शटडाउन' असं उलटं का लिहायचं? 'चालू हो' असं सरळ का नाही म्हणत?"

आधी हसलो. मग गप्प झालो, कारण असल्याच एका कमांडीतला एक शब्द मी एका रात्री विसरलो होतो आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्याच माणसाने भरला होता. ती गोष्ट सांगणारच आहे, पण त्या शब्दापर्यंत पोचायला पन्नास वर्षं मागून यावं लागेल. कानात इअरफोन नीट बसवा, निघूया.

आधी साधी गोष्ट. तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये भिंतीवर एक लोखंडी कपाट असतं, त्यात मिणमिणते दिवे आणि निळ्या-पिवळ्या वायरी. तो चपटा डबा म्हणजे स्विच किंवा राउटर. त्याचं प्रत्येक भोक म्हणजे पोर्ट, आणि डब्याच्या आतून पाहिलं की तेच इंटरफेस. सोप्या भाषेत, दार. दार कॉन्फिगर करायचं म्हणजे त्याला सांगायचं की तुझा पत्ता काय, वेग किती, कोणाला आत घ्यायचं, कोणाला नाही.

आता १९६९. अमेरिकेत अर्पानेटची जुळवाजुळव चालू होती. अडचण अशी की प्रत्येक विद्यापीठाचा कॉम्प्युटर वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या बोलीचा. मग ठरलं, की प्रत्येक मोठ्या कॉम्प्युटरच्या पुढे एक छोटा कॉम्प्युटर बसवायचा आणि या छोट्यांनीच आपापसात बोलायचं. बीबीएन नावाच्या कंपनीने हनीवेलच्या यंत्रावर तो बनवला. नाव आयएमपी. आजच्या राउटरचा आजोबाच म्हणा. पहिला आयएमपी १९६९ च्या ऑगस्टअखेर लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पोचला.

पण मोठा कॉम्प्युटर या डब्याला जोडायचा कसा? त्यासाठी बॉब कान यांनी एक कागद तयार केला, बीबीएनचा अहवाल क्रमांक १८२२. कोणत्या तारेवर कोणता इशारा, आधी कोण बोलणार, मग कोण, हे सगळं त्यात लिहिलेलं. म्हणजे बघा, इंटरफेस आधी कागदावरचा करार होता, भोक नंतर आलं. २९ ऑक्टोबर १९६९ ला पहिला निरोप निघाला. 'लॉगिन' हा शब्द टाइप करायचा होता. एल पोचला, ओ पोचला, आणि पलीकडची सिस्टीम कोसळली. आमच्या धंद्याची बोहनी ही अशी झाली!

पुढे १९७३. झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी २२ मे रोजी एक टिपण लिहिलं आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत ते प्रत्यक्षात उतरवलं. तेच इथरनेट. एक जाड केबल आणि सगळे तिलाच लटकलेले. चाळीची सामाईक गॅलरीच ती. एकाने हाक मारली की सगळ्या खोल्यांना ऐकू जाणार, ज्याचं नाव घेतलं तो ओ देणार. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबायचं, थोडा थोडा वेगळा वेळ जाऊ द्यायचा आणि परत बोलायचं. इथे पोर्ट कॉन्फिगर करण्याची भानगडच नव्हती, कारण गॅलरी सगळ्यांचीच.

गॅलरी छोटी असेपर्यंत ठीक. मग एक चाळ दुसरीला जोडली, दुसरी तिसरीला, आणि एक नवंच भूत निघालं. वायरींचं रिंगण तयार झालं की एक निरोप गोल गोल फिरतच राहायचा, कारण इथरनेटच्या निरोपावर मुदत लिहिलेली नसते. काही क्षणांत अख्खं नेटवर्क जाम. १९८५ मध्ये डीईसी कंपनीत राडिया पर्लमन यांनी यावर स्पॅनिंग ट्री ही युक्ती काढली. सगळे डबे आपसात बोलून एकाला मुख्य मानतात आणि रिंगण तुटेल असं एखादं पोर्ट मुद्दाम बंद ठेवतात. मुख्य रस्ता तुटला तर तेच बंद दार उघडतं. एखादं दार बंद असणं म्हणजे बिघाडच असतो असं नाही, हे नेटवर्कवाल्यांना तिथून कळलं.

त्याच सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात वेगवेगळ्या विभागांची नेटवर्क जोडायची धडपड चालू होती. विल्यम येगर यांनी अनेक भाषा समजणाऱ्या राउटरचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं, अँडी बेक्टोल्सहाइम यांनी हार्डवेअरचा बोर्ड बनवला होता. त्याच विद्यापीठातले लेन बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी डिसेंबर १९८४ मध्ये सिस्को काढली, आणि १९८७ मध्ये स्टॅनफर्डने त्या कंपनीला हे सॉफ्टवेअर वापरायचा रीतसर परवाना दिला.

आता आपल्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर. या राउटरची कमांडींची पद्धत जगभर रुजली, इतकी की पुढे बऱ्याच कंपन्यांनी तशीच बोली उचलली. तिचा नियम साधा आहे. कॉन्फिगरेशन म्हणजे ओळींची यादी. ओळ लिहिली की ती लागू, ओळ काढायची तर तिच्यापुढे 'नो' लावायचं. नव्या राउटरच्या दारावर 'शटडाउन' ही ओळ आधीच असते. का? राउटरचं दार दोन वेगळ्या नेटवर्कांच्या मध्ये असतं. पत्ता दिलेला नाही, नियम ठरलेले नाहीत, तोवर ते बंद असलेलंच बरं. म्हणून 'नो शटडाउन', म्हणजे कुलूप काढ. साध्या स्विचची दारं मात्र सहसा उघडीच येतात, कारण तिथे सगळी घरचीच मंडळी धरलेली असतात.

आणि दुसरा नियम, जो नीट लक्षात ठेवा. एंटर दाबल्याक्षणी कमांड लागू होते. 'नक्की ना?' असं बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. पण ती फक्त चालू मेमरीत लागू होते. सेव्ह केलं नाही आणि वीज गेली, तर डबा उठताना जुनंच कॉन्फिगरेशन घेऊन उठतो. हे मला एका रात्री कामाला आलं.

मधली दोन वळणं पटकन घेऊ. १९९० मध्ये कल्पना नावाच्या कंपनीने सात पोर्टांचा इथरनेट स्विच आणला. हो, कल्पना! विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे संस्थापक, आणि नाव भारद्वाजांच्या पत्नीचं. आता प्रत्येक पोर्टाला आपली वेगळी गल्ली मिळाली, सामाईक गॅलरी संपली. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. १९९५ च्या प्रमाणकात दोन्ही टोकांनी आपसात वेग ठरवायची सोय आली. पण एका टोकाला हाताने 'फुल डुप्लेक्स' ठोकून दिलं आणि दुसरं आपोआपवर सोडलं, तर दुसरं बिचारं हाफ डुप्लेक्सवर बसतं. दिवे हिरवे, पिंग चालू, आणि फाइल मात्र मुंगीच्या पावलाने. यात किती इंजिनिअरांच्या रात्री गेल्या असतील, देव जाणे.

आणि मग व्हीलॅन. ८० च्या दशकात बेलकोअरमध्ये डेव्हिड सिंकोस्की यांनी या कल्पनेवर काम केलं, १९९८ मध्ये ८०२.१क्यू हे प्रमाणक आलं. प्रत्येक निरोपावर एक चिठ्ठी चिकटवायची, तिच्यात नंबर. नंबरासाठी १२ बिट, म्हणून वापरता येतात ४०९४ नंबर. एकाच वायरीतून अकाउंट्सचं, गोदामाचं आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगवेगळं जाऊ शकतं. असे अनेक नंबर वाहणाऱ्या वायरीला ट्रंक म्हणतात, आणि ट्रंकच्या दारावर यादी असते की कोणते नंबर आत सोडायचे.

आता माझी रात्र. नोकरीला सात महिने झाले होते, पुण्यात नाइट शिफ्ट. नाशिकपलीकडे एक औषधांचं गोदाम होतं, तिथे नवे कॅमेरे बसणार होते. काम एवढंच, की ट्रंकच्या यादीत ४० नंबर वाढवायचा. रात्रीचा दीड वाजला होता. मी लिहिलं, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०'. एंटर.

स्क्रीन गोठली.

'व्हीलॅन'नंतर 'ॲड' लिहायचं राहिलं होतं. 'ॲड' असेल तर यादीत वाढ होते. नसेल तर सगळी जुनी यादी जाते आणि फक्त ४० उरतो. गोदामाच्या स्कॅनरचा नंबर गेला, आणि मी ज्या नंबरावरून पुण्यात बसून आत शिरलो होतो तोही गेला. ज्या फांदीवर बसलो होतो तीच तोडली.

पाच मिनिटांत फोन. तिथले वॉचमन काका. "साहेब, इथं समद्या गन बंद पडल्यात. चार गाड्या भरायच्या राहिल्यात, डायवर वरडायलेत." पहाटे त्या गाड्यांमधून औषधं दुकानांना जायची होती.

मी सेव्ह केलं नव्हतं. म्हणजे डबा बंद करून चालू केला की जुनी यादी परत. म्हटलं, "काका, कपाटाची किल्ली आहे ना? आत निळ्या वायरींचा चपटा डबा आहे. त्याची मागची जाड काळी वायर काढा, दहापर्यंत मोजा आणि परत लावा." काका म्हणाले, "साहेब, ते कपाट उघडायची परवानगी न्हाई मला." मी म्हणालो, "मी सांगतोय ना, काका. उघडा."

उघडलं त्यांनी. काही मिनिटांत दिवे लागले, गन चालू झाल्या, गाड्या निघाल्या.

सकाळी मी रिपोर्ट लिहिला, 'वीजपुरवठ्यात क्षणिक बिघाड, स्विच रीस्टार्ट.' खोटं पचणार होतं, कारण डबा बंद झाला की त्याच्या मेमरीतली नोंदही पुसली जाते.

पण काका प्रामाणिक. त्यांनी किल्लीच्या रजिस्टरमध्ये वेळ टाकून सही केली होती. तिसऱ्या दिवशी कळलं, की वीज गेलीच नव्हती हे तिथल्या यूपीएसवरून दिसलं, आणि कपाट काकांनी उघडलं हे रजिस्टरवरून. सरळ हिशोब झाला, यांनीच काहीतरी वायर ओढली. दोन दिवस त्यांना ड्युटीवर घेतलंच नव्हतं.

मी आमच्या सीनिअर मॅडमकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "कमांड चुकली ते अर्ध्या तासाचं होतं. रिपोर्ट तू तीन दिवस चुकवलास." मग माझ्याकडूनच गोदामाला फोन करवला, लेखी माफी पाठवायला लावली. काका दुसऱ्या दिवशी कामावर आले. पण त्या दोन दिवसांचा खाडा त्यांना भरून मिळाला का, हे मी विचारलंच नाही. ते आजही टोचतं.

आता तुम्ही म्हणाल, हा तुझा निष्काळजीपणा, इतिहासाचा काय संबंध? संबंध आहे. ही बोली घडत होती तेव्हा राउटर सांभाळणारा बऱ्याचदा त्याच इमारतीत असायचा. चुकलं तर चार पावलं चालत जाऊन वायर लावायची. आज आपण शेकडो किलोमीटरवरून त्याच दारातून आत जाऊन तेच दार दुरुस्त करतो. यावर उपायही निघाले. १९९६ मध्ये प्रदीप सिंधू यांनी जुनिपर काढली. त्यांच्या राउटरमध्ये बदल आधी कच्च्या यादीत लिहायचे आणि मग एकदम लागू करायचे. त्यात 'कमिट कन्फर्म्ड' अशी सोय आहे. बदल लागू होतो, पण वेगळी मुदत दिली नसेल तर दहा मिनिटांत तुम्ही 'हो, ठीक आहे' म्हटलं नाही की डबा आपोआप मागे फिरतो. स्वतःला बाहेर कोंडून घेतलं, तरी दार दहा मिनिटांनी उघडतं. हीच सोय २००६ मध्ये नेटकॉन्फ या खुल्या प्रमाणकातही आली.

तरी मोठ्यांचंही चुकतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला, आपल्याकडे रात्री नऊनंतर, फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सॲप सहा तासांहून जास्त बंद होतं. कंपनीने नंतर स्वतःच कारण सांगितलं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं सगळं जाळं तोडलं, आणि अशी कमांड अडवणाऱ्या तपासणीच्या साधनातच दोष होता. इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं, आणि आत शिरून यंत्रांना हात लावायलाही वेळ लागला, कारण सुरक्षा कडक. तिथेही शेवटी कोणालातरी कपाटापर्यंत पोचावंच लागलं.

तर मित्रा, कमांड पाठ कर, पण त्या ओळीमागे काय ठरलंय तेही समजून घे. एंटरआधी ओळ एकदा मोठ्याने वाच. दूरच्या डब्यावर हात टाकण्याआधी परतीची वाट ठरवून ठेव. आणि चुकलंच, तर रिपोर्टात खरं लिही, कारण डब्यातली नोंद पुसली गेली तरी रजिस्टरमध्ये कोणाचीतरी सही असते.

तुमच्या हातून असं काही झालं असेल तर व्हॉइस मेसेज पाठवा. नाव घेणार नाही, शब्द देतो. भेटू पुढच्या भागात!