दोन खात्यांमधली स्त्री : व्यसनमुक्ती आणि एचआयव्ही अनुदानांचा इतिहास

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीच्या कामाला आणि एचआयव्ही प्रतिबंधाला सरकारी अनुदान मिळू लागले ते अवघ्या काही वर्षांच्या अंतराने, परंतु दोन वेगळ्या मंत्रालयांमधून. त्यामुळे हे दोन्ही आजार एकाच स्त्रीच्या वाट्याला आले तर तिने कोणाच्या दारी जायचे, हा प्रश्न आरंभापासूनच अनुत्तरित राहिला.

व्यसनमुक्तीची बाजू आधीची आहे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, झपाट्याने पसरली; १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला आणि १९८५-८६ पासून केंद्राच्या समाजकल्याण (आताच्या सामाजिक न्याय) खात्याने स्वयंसेवी संस्थांच्या केंद्रांना अनुदान देणारी योजना सुरू केली. पुढे स्थिरावलेल्या नियमांनुसार मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्र देई आणि उरलेली संस्थेने उभी करायची असे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला मात्र पहिले बळ पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीने मिळाले. सरकारी मदत त्यानंतरची. या सर्व केंद्रांची घडण पुरुष रुग्ण गृहीत धरून झाली होती. स्त्री तेथे यायची ती रुग्णाची पत्नी किंवा आई म्हणून, आणि तिचे स्वतःचे व्यसन हा विषय घरातच दडपला जाई. मुक्तांगणाने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढला तो दोन दशकांनंतर, आणि तोवर किती जणी उपचाराविना राहिल्या असतील याची नोंद कोणत्याही नोंदवहीत असणे शक्य नव्हते.

एचआयव्हीचा पैसा निराळ्या वाटेने, आरोग्य खात्याकडून आला. १९८६ मध्ये चेन्नईत देशातील पहिल्या बाधितांचे निदान झाले. १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यावर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९९८ मध्ये राज्याची व मुंबईची स्वतंत्र एड्स नियंत्रण संस्था स्थापन झाली. या कार्यक्रमाचे मुख्य साधन म्हणजे लक्ष्यगट हस्तक्षेप प्रकल्प : देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईने नशा करणाऱ्या व्यक्ती अशा अतिजोखमीच्या एकेका गटासाठी एका संस्थेला ठरावीक मुदतीचे अनुदान द्यायचे आणि त्याच गटातील साठेक स्त्रियांमागे एक ‘पिअर एज्युकेटर’ नेमायची. ही सखी गल्लीबोळांतून फिरे, निरोध वाटे, तपासणीला सोबत जाई. २००३ पासून गेट्स फाउंडेशनच्या ‘आवाहन’ उपक्रमाने महाराष्ट्रासह सहा राज्यांत याच पद्धतीला मोठा निधी पुरवला. हे काम ठिकाणांवर बेतलेले होते; म्हणूनच ऑगस्ट २००५ मध्ये डान्सबारवर बंदी येऊन हजारो स्त्रियांचा रोजगार गेला आणि त्या पांगल्या, तेव्हा ठिकाणावरून माणूस शोधण्याची पद्धत अपुरी पडली.

पैशाबरोबर अटीही येतात, याचा सर्वांत स्पष्ट दाखला सांगलीचा आहे. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानुसार तिचा एड्स निधी घेणाऱ्या संस्थांना देहविक्रयाला विरोध असल्याची प्रतिज्ञा करावी लागे. मीना सेषू यांच्या पुढाकाराने १९९२ पासून काम करणारी ‘संग्राम’ आणि तिच्यातून उभी राहिलेली स्त्रियांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ यांचे सारे काम त्या स्त्रियांच्या विश्वासावर चालले होते. संग्रामने २००५ मध्ये ही अट नाकारली आणि तो पैसा सोडला. हा निर्णय योग्यच होता, कारण ज्यांच्याविरुद्ध प्रतिज्ञा केली त्यांच्याच दारी निरोध घेऊन जाता येत नाही.

त्याच अमेरिकेने स्वतःच्या देशात मात्र वेगळा विचार केला. १९९९ पासून तेथे अल्पसंख्य समाजांसाठी एड्सविषयक विशेष निधी आहे आणि त्यातून अल्पसंख्य स्त्रियांचे व्यसन व एचआयव्ही यांवर एकत्र उपचार करणारी अनुदानेही दिली गेली. तेथे वर्गीकरण वंशावरून होते, भारतात वर्तनावरून. म्हणजे स्त्री देहविक्रय करते की सुई टोचते, एवढेच येथील अनुदान विचारते.

या फरकाचा अर्थ उल्हासनगर कॅम्प ४ सारख्या ठिकाणी उमगतो. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी शहराला नाव मिळाले आणि आजही येथील पत्त्यांत बॅरेक क्रमांक लिहिला जातो. सिंधी हे भाषिक अल्पसंख्य आणि बौद्ध हे धार्मिक अल्पसंख्य. दोन्ही समाज येथे शेजारी राहतात. त्यांच्यात हे आजार अधिक आहेत असे मुळीच म्हणायचे नाही. परंतु एकमेकांना लागून असलेल्या बॅरेकींमध्ये गुप्तता राखणे कठीण असते आणि समाज लहान असला की बदनामीची भीती वाढते, हे अनुदानाच्या अर्जात कोठेच येत नाही. गर्दसारख्या ओपिऑइडच्या व्यसनावर दिली जाणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी बहुधा रोज केंद्रावर जाऊन, कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली विरघळेपर्यंत थांबून घ्यावी लागते. लहान मूल घरी ठेवून, सासरी काही न सांगता, पुरुषांच्या रांगेत रोज उभे राहणे किती जणींना शक्य आहे? जगभरात अमली पदार्थ घेणाऱ्यांत तिघांमागे एक स्त्री असते, उपचार घेणाऱ्यांत मात्र पाचांमागे एकच, असे संयुक्त राष्ट्रांचे अहवाल सांगतात.

२०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, गुप्ततेचा हक्क दिला आणि भेदभावाला बंदी घातली. खात्यांमधील भिंत मात्र त्याने पाडलेली नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत ठरवण्यात आली. त्यापुढील आखणीत आरोग्य आणि सामाजिक न्याय या दोन्ही खात्यांनी मिळून स्त्रियांसाठी एकाच छताखाली, पाळणाघरासह आणि स्वतंत्र वेळेत चालणाऱ्या केंद्रांना संयुक्त अनुदान द्यावे, आणि त्याची सुरुवात उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरसारख्या दाट वस्तीच्या पट्ट्यातून करावी.