झुलत्या आसाचा इलाज

कारखान्याने दिलेल्या मोटारगाडीचा एखादा भाग उतरवून त्याच्या जागी स्वतंत्र कारागिराने घडवलेला भाग बसवण्याचा जो व्यवसाय अमेरिकेत आणि युरोपात एवढा विस्तारला, त्याच्या इतिहासातील सर्वांत मननीय प्रकरण इंजिनाचे नसून गाडीच्या मागच्या चाकांचे आहे, असे माझे मत आहे. वेगाची हौस इंजिनाकडे धाव घेते हे स्वाभाविकच. परंतु वेगासाठी नावाजलेल्या कित्येक गाड्यांचा खरा वैरी त्यांच्याच मागच्या आसात दडलेला होता, आणि त्याचा बंदोबस्त करण्यात छोट्या कार्यशाळांचा वाटा मोठा आहे.

व्हिएन्नात जन्मलेल्या एडमंड रुंपलर या अभियंत्याने १९०३ साली झुलत्या आसाचे, म्हणजे स्विंग अ‍ॅक्सलचे, पेटंट घेतले. एकसंध आसाच्या गाडीत एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. रुंपलरने आसाचे दोन भाग करून प्रत्येक भाग डिफरन्शियलपाशी सांध्यावर झुलता ठेवला, त्यामुळे प्रत्येक चाकाला स्वतंत्रपणे वरखाली होण्याची मुभा मिळाली. रचना हलकी, स्वस्त आणि थोड्या सांध्यांची होती. हान्स लेडविंकाच्या टाट्रा गाड्यांनी ती स्वीकारली, फर्डिनांड पोर्शेच्या फोक्सवॅगनने ती घरोघर नेली, आणि १९४८ साली ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे जन्मलेल्या पोर्शे ३५६ कडे ती फोक्सवॅगनच्याच सुट्या भागांबरोबर वारशाने आली.

दोष होता तो वळणावर. गाडी वेगाने वळू लागली की रस्ता बाहेरच्या टायरला आतल्या बाजूस रेटतो. हा रेटा जमिनीलगत लागतो आणि आसाचा सांधा त्याहून उंचावर असतो, म्हणून अर्धा आस खाली झुकून गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो, चाक पोटाखाली दुमडू लागते, आणि जो टायर रस्त्यावर सपाट टेकायला हवा तो केवळ आपल्या बाहेरच्या काठावर उभा राहतो. अशा क्षणी भांबावलेला चालक अ‍ॅक्सलरेटरवरील पाय एकदम उचलतो. त्यासरशी भार पुढे सरकतो, मागचा भाग आणखी वर येतो, आणि ज्या उपायाने गाडी सावरावी तोच उपाय तिची पकड पुरती सोडवतो. इंजिनही मागेच असेल तर त्याचे वजन या अनर्थात भर घालते.

कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड गावी फोक्सवॅगनची विक्री करणारे जो व्हिटोन यांनी एम्पी या नावाने सुट्या भागांचा जो व्यवसाय उभारला, त्यातील कँबर कॉम्पेन्सेटर हा या दोषावरचा विशेष गाजलेला इलाज होय. दिसायला तो अगदी साधा: गिअरबॉक्सच्या बुडाशी ब्रॅकेटने मध्यभागी सांधलेला एक आडवा पाटा, आणि त्याची दोन्ही टोके दोन्ही अर्ध्या आसांना खालून आधार देणारी. बसवण्यासाठी गाडी उचलून भक्कम टेकूंवर ठेवावी, मध्यभागचे ब्रॅकेट आवळावे आणि टोके आसांखाली अडकवावीत. जाणत्या मिस्त्रीला यात विशेष अवघड काही नाही. परंतु त्यामागील विचार किती सूक्ष्म आहे! गाडी एका बाजूस कलली, एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, तर तो पाटा तराजूच्या दांडीप्रमाणे मधल्या सांध्यावर फिरतो आणि काहीच विरोध करीत नाही. दोन्ही चाके एकदम खाली लोंबू लागली तरच तो ताणला जाऊन त्यांना अडवतो. मागच्या चाकांना अँटी-रोल बार जोडला असता तर कलणे कमी झाले असते, पण बाहेरच्या टायरवरील भार वाढून मागची पकड अधिकच लवकर सुटली असती. रोग कलण्याचा नसून उचलले जाण्याचा आहे, हे निदान मला या साऱ्या प्रकरणातील श्रेष्ठ गोष्ट वाटते.

शर्यतीचे शौकीन याच्या जोडीला मागची बैठक खाली उतरवीत. फोक्सवॅगनच्या मागच्या टॉर्शन बारला आतल्या टोकाशी ४० आणि बाहेरच्या टोकाशी ४४ दाते असतात. आतले टोक एक दाता एका दिशेने आणि बाहेरचे एक दाता उलट दिशेने फिरवले की ९ अंश आणि सुमारे ८ अंश १० कला यांची तफावत, म्हणजे अवघ्या ५० कलांचा फरक साधता येतो. एवढ्या बारकाईने गाडीची उंची ठरवण्याची सोय त्या स्वस्त गाडीच्या आराखड्यातच होती.

कारखान्यांनाही हा दोष ठाऊक होता. मर्सिडीझने ३०० एसएलच्या १९५७ च्या रोडस्टरमध्ये सांधा खाली आणून भरपाईचा आडवा स्प्रिंग जोडला, पोर्शेने १९६० साली आपल्या सुपर ९० बरोबर आडवा पाटा मुळातच दिला, आणि फोक्सवॅगनने १९६७ च्या मॉडेलमध्ये त्याच तत्त्वाचा समतोल दांडा बसवला.

याच पार्श्वभूमीवर शेवरोले कॉर्व्हेअरचे प्रकरण पाहावे. १९६० चे मॉडेल म्हणून बाजारात आलेली ही गाडी मागे इंजिन आणि झुलता आस घेऊनच आली. तिच्या स्थैर्याची भिस्त मुख्यतः टायरांतील हवेवर, पुढे १५ आणि मागे २६ पौंड, ठेवलेली होती, आणि ती तफावत पेट्रोल पंपावरचा माणूस अजाणता एका मिनिटात पुसून टाकू शकत होता. कारखान्याने आडवा पाटा १९६४ च्या मॉडेलमध्ये सरसकट दिला, १९६५ मध्ये तर मागची रचनाच बदलली. त्याच वर्षी राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने पहिल्याच प्रकरणात या गाडीवर आरोपपत्र ठेवले. पुढे १९७२ च्या सरकारी अहवालाने सुरुवातीच्या कॉर्व्हेअर समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नव्हत्या असा निर्वाळा दिला, आणि तो मान्य करणे न्यायाचे आहे. तरीही माझे मन एका गोष्टीपाशी अडते. एम्पीने कॉर्व्हेअरसाठीही आपला पाटा विकायला ठेवला होता. म्हणजे जाणकार शौकीन पदरचे पैसे खर्चून सुरक्षितता विकत घेत होता, आणि मुलाबाळांना घेऊन प्रवासाला निघालेल्या सामान्य गृहस्थाला आपल्याला काही विकत घ्यायचे आहे याचीही वार्ता नव्हती. ज्ञात दोषाचा इलाज हौसेच्या दुकानात ठेवणे हा व्यवहार झाला, न्याय नव्हे.

आपल्याकडे हाच आस मद्रासच्या कारखान्यातून १९६१ पासून स्टँडर्ड हेराल्डबरोबर आला. त्याच घराण्यातील स्पिटफायरला इंग्लंडात १९७० मध्ये मध्यभागी फिरणारा पाटा मिळाला, तर मद्रासकरांनी १९७२ च्या गझेलमध्ये झुलता आस काढूनच टाकला.

अमेरिकेतील फॉर्म्युला व्ही या शर्यतीत मात्र तो नियमानेच टिकून आहे. तेथील कारागिरांनी हा विचार शेवटास नेला: दोन्ही मागच्या चाकांमध्ये मिळून एकच स्प्रिंग, जो उचलले जाण्याला विरोध करतो आणि कलण्याला शून्य. त्या स्प्रिंगचा जोर किती असावा आणि आस किती झुकू द्यावा, हे ठरवण्यात ते हौशी लोक अजूनही गढलेले असतात.